कुरव पक्ष्यांची ओळख व छायाचित्रण : एक निरीक्षणपाठ

साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत अलिबाग, रेवदंडा, मांडवा या बाजूस ओहोटीच्या वेळी कुरव पक्ष्यांचे थवे पुळणीवर उतरतात. किनाऱ्यालगतच्या शाळांना निसर्ग-निरीक्षणासाठी याहून सोयीचे साधन मिळणे कठीण.

या थव्यांत तपकिरी डोक्याचा कुरव व काळ्या डोक्याचा कुरव हे दोन विशेषेकरून आढळतात, आणि पाठाची खरी अडचण येथेच आहे. ही नावे विणीच्या हंगामातील पिसांवरून पडलेली आहेत. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात. डोळ्यामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. शिवाय काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके विणीच्या काळातही वस्तुतः गडद तपकिरीच असते! नावावरून पक्षी शोधू लागलेला विद्यार्थी फसणार हे उघड आहे.

म्हणून डोके सोडून पंख पाहण्यास सांगावे. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोके बरीच काळी असून त्या काळ्या भागात पांढरे टिपके असतात. दुसऱ्याच्या पंखाची पुढील कड टोकाकडे पांढरी असते व काळा रंग केवळ पिसांच्या अग्रांवर दिसतो. पहिल्याच्या डोळ्याचे बुबुळ फिकट, दुसऱ्याचे गडद. मात्र ही लक्षणे प्रौढ पक्ष्याची होत. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पिल्लाचे बुबुळही गडद असते व पंखाग्री पांढरे टिपके नसतात. शेपटीच्या टोकाशी काळी पट्टी दिसल्यास पक्षी लहान वयाचा समजावा.

मिटलेल्या पंखांवर यातले थोडेच दिसते. याकरिता उडत्या पक्ष्याचे छायाचित्र उपयोगी पडते. सूर्य पाठीशी घेऊन वाळूत बसावे, कॅमेऱ्याची गती एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावी. गडद पाण्यावरील पांढरा पक्षी छायाचित्रात नुसता पांढरा डाग होऊन बसतो. तेव्हा उजेड थोडा कमी करून घ्यावा. शाळेत कॅमेरा नसल्यास दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईल लावूनही बसलेल्या पक्ष्याचे काम भागते.

उडते चित्र हवे म्हणून मुलांना थव्यावर धावू देऊ नये. दूरच्या प्रवासाने आलेल्या पक्ष्यांची ती विश्रांतीची व भक्ष्य शोधण्याची वेळ असते. मांडव्याच्या लाँचवरून प्रवासी त्यांना तळलेले पदार्थ टाकतात, तेही विद्यार्थ्यांनी करू नये. थोडे थांबल्यास भरतीचे पाणी चढताच पक्षी आपण होऊन उठतात.

नोंदवहीत दिनांक, वेळ, स्थळ, भरती-ओहोटी व प्रत्यक्ष दिसलेली लक्षणे लिहवून घ्यावीत. नाव सर्वांत शेवटी. लक्षणे नीट लिहून पुढे ‘जात ओळखता आली नाही’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण द्यावेत. अंदाजाने नाव ठोकून देणाऱ्यास देऊ नयेत, मग ते नाव योगायोगाने बरोबर का असेना.

मार्चअखेरीस आणखी एक फेरी काढावी. तेव्हा काही पक्ष्यांच्या डोक्यांवर रंग चढू लागलेला असतो, व हिवाळ्यातील छायाचित्रे त्यांच्याशी ताडून पाहता येतात.