मी सांगितलेला अर्थ चुकला

पवनी, रविवार

चि. मनू,

काल गोंदियाच्या मावशीचा फोन आला. म्हणे मनूनं भर मीटिंगमध्ये साहेबापुढे फाईल आपटली, तोंडाला येईल ते बोलली, आता राजीनामा लिहून बसली आहे. मावशी राईचा पर्वत करते हे काय तुला सांगायचं! तरी रात्रभर डोळा लागला नाही. राजीनामा दिला नाहीस ना?

मला धास्ती वेगळीच आहे. दिवाळीआधी तू विचारलं होतंस, ‘मामा, माझ्या रिपोर्टात लिहिलंय, असर्टिव्ह व्हायला हवं. म्हणजे काय?’ मी तेव्हा सिलिंडरवाल्याशी हुज्जत घालत होतो. ‘म्हणजे आक्रमक हो, कुणाचं ऐकून घेऊ नको,’ म्हणालो आणि फोन ठेवला. तीस वर्षं इंग्रजी शिकवली मी! पेपरात कुणी असं लिहिलं असतं तर भोपळा दिला असता.

मराठीत त्याला नेमका एक शब्द नाही. आग्रही म्हटलं की हट्टाचा वास येतो, आणि स्वतःला रोखठोक म्हणवणारे बहुतेक नुसते उद्धट असतात. मूळ लॅटिन शब्द हक्क सांगण्याचा. रोममध्ये गुलामावर हात ठेवून, हा माणूस स्वतंत्र आहे, असं कायद्यासमोर सांगायची रीत होती, तिथेही हेच क्रियापद. पुढे १९७० साली अल्बर्टी आणि एमन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ‘युअर परफेक्ट राइट’ लिहिलं. त्यांचं म्हणणं, दबून राहणं वेगळं, अंगावर जाणं वेगळं, आणि समोरच्याचा मान राखून आपलं म्हणणं मांडणं वेगळं. फाईल आपटणं दुसऱ्यात बसतं, बाई. खरंच आपटलीस का?

आपटली असशील तर तो राग आधीच्या गप्प बसण्यातूनच आला, हे मला पुस्तकाआधी कळलं होतं. कॉलेजात असताना बाबांबरोबर मिरची विकायला गेलो होतो. व्यापाऱ्याच्या माणसानं माल ओला म्हणत पोत्यामागे दोन किलो कडता धरला. मिरची खडखडीत वाळलेली, हातात घेतली की बिया वाजायच्या. हिशेब मला येत होता, बाबांना नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि मी पायातल्या चपलेकडे. रात्री घरी आलो आणि भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं. ते तुझ्या आईनं वाढलेलं होतं. तेव्हा ती आठवीत होती. तिनं तुला हे कधी सांगितलं नसेल.

ना गप्प बसायचं, ना आपटायचं, हे जमवलेली एक बाई आपल्याच गावात होती. जगन्नाथ टेकडी आठवते? पाय दुखतात म्हणून माझ्या खांद्यावर बसायचीस. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठानं आणि पुरातत्त्व खात्यानं तिथं खोदलं तेव्हा मोठा स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडावर विसमिता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. हे दान तिचं, असं ब्राह्मीत कोरलेलं. दोन हजार वर्षांमागची आपल्या पवनीतली बाई! ‘माझं कसलं, सगळ्यांचंच’ असं म्हणत लाजली नाही, की कुणावर ओरडली नाही. तू रात्री जागून केलेला तक्ता तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलानं मीटिंगमध्ये आपला म्हणून दाखवला, तेव्हा ‘हा मी केलाय, पुढचं मीच समजावते’ एवढं पुरलं असतं. मला मात्र हे साठीनंतर सुचतंय, तेव्हा तुला काय बोलू?

राजीनामा दिला असशील तरी रागावणार नाही. घरी ये. मामीनं यंदाची मिरची कुटून बरणीत भरून ठेवली आहे. जेवतेस ना वेळेवर? मावशीला मी सांगितलंय, पोरीबद्दल आता कुणाशी बोलायचं नाही. जरा जोरातच बोललो, तिला फोन करून माफी मागायची आहे.

तू फोन कर, रात्री कितीही वाजता. मला उठायला वेळ लागतो, गुडघे धरतात. लगेच ठेवू नको. वाजू दे.

तुझा,
मामा