वरच्या मजल्यावरील शॉवर

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मागें आम्हांस विचारिलें, "सर, पाण्याची टांकी आमच्या घराच्या अगदीं वर गच्चीवर आहे, मग साऱ्या इमारतींत आमच्याच शॉवरची धार सर्वांत बारीक कां?" प्रश्न मार्मिक आहे, आणि आमच्या जिव्हाळ्याचाहि आहे. आम्हीहि शेवटच्याच मजल्यावर राहतों. आमच्या वृद्ध मातोश्रींस वांकून बादलींतून तांब्या भरून घेतां येत नाहीं; त्या स्टुलावर बसून शॉवरखालीं स्नान करितात. त्यांस ही धार म्हणजे चैन नव्हे, गरज आहे.

पाण्याचा दाब टांकी किती जवळ आहे यावर अवलंबून नसतो. टांकींतील पाण्याची पातळी नळाच्या तोंडापासून किती उंच आहे यावर तो अवलंबून असतो. दर १० मीटर उंचीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. टांकीची पातळी आमच्या शॉवरच्या वर ३ मीटर आहे असें समजा. एक मजला ३ मीटरांचा धरिल्यास, दहा मजले खालच्या शॉवरवर ३३ मीटर पाणी उभें राहतें. म्हणजे नळांतील घर्षण सोडल्यास तेथें दाब अकरापट! म्हणूनच फार उंच इमारतींत खालच्या मजल्यांसाठीं दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. टॉरिसेली या इटालियन शास्त्रज्ञानें १६४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, छिद्रांतून निघणाऱ्या पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. अर्थात् उंची दुप्पट केली तरी वेग सुमारें १.४ पटच होतो.

एका शेजाऱ्यांनीं आम्हांस पंप बसविण्याचा सल्ला दिला. परंतु खर्चापूर्वीं मोजमाप करावें असें आम्हीं ठरविलें. १० लिटरांची बादली शॉवरखालीं ठेवून घड्याळ पाहिलें. ती भरण्यास ४ मिनिटें लागलीं. मग शॉवरची चाळणी फिरवून काढली व उघड्या नळीखालीं तीच बादली धरिली. ती दीड मिनिटांत भरली. पाणी तेंच, उंची तीच. तेव्हां मुख्य अडथळा चाळणींतच होता हें उघड झालें. तिचीं छिद्रें पांढऱ्या थरानें बुजलीं होतीं. आमच्या इमारतींत कूपनलिकेचें पाणीहि येतें, आणि अशा पाण्यांतील चुन्याचा अंश छिद्रांशीं सांचतो. आम्हीं चाळणी दोन तास व्हिनेगरमध्यें बुडविली. आम्लाच्या योगानें चुना विरघळतो व त्यांतून बुडबुडे निघतात. मग दांतांच्या जुन्या ब्रशानें ती घासली. आतां बादली सव्वादोन मिनिटांत भरते.

चाळणी स्वच्छ असूनहि धार बारीक असेल, तर शोध क्रमानें करावा. केवळ गरम पाणी मंद असेल, तर दोष गीझरच्या वाटेवर आहे. घरांतील सर्वच नळ मंद असतील, तर घरांत पाणी येण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे कीं नाहीं तें पाहावें. इमारत जुनी असल्यास लोखंडी नळ आंतून गंजलेले असतात. नळाचा आंतील व्यास निम्मा झाला तर त्याच दाबानें वाहणारें पाणी निम्मे न राहतां पांचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतें. असा नळ बदलणें हाच उपाय.

हें सर्व करूनहि दाब अपुरा पडला, तरच पंपाचा विचार करावा. सामाईक उभ्या नळावर एकट्यानें पंप लावल्यास त्याच नळावरील शेजाऱ्याचें पाणी ओढलें जातें. यास्तव गृहसंस्थेच्या संमतीनें गच्चीवर टांकीपाशींच, वरच्या मजल्यांच्या स्वतंत्र नळावर दाब वाढविणारा पंप बसवावा. नगरपालिकेच्या नळास मात्र थेट पंप कधींहि जोडूं नये. त्यायोगें दुसऱ्यांच्या घरचें पाणी तुटतें, आणि नळास कोठें गळती असल्यास बाहेरची घाण आंत शोषली जाऊन सर्वांच्याच आरोग्यास धोका पोहोंचतो.

विद्यार्थ्यांनीं सुटींत घरीं बादली व घड्याळ घेऊन हा प्रयोग करावा, आणि आढळलेले आंकडे वहींत लिहून आणावे. मापाचें पाणी वायां न दवडतां झाडांस घालावें. आमच्या घरीं पंपाचा खर्च वांचला. मातोश्रींचें स्नान आतां सुखानें होतें, आणि खालच्या घरांतील एक थेंबहि आम्हांस ओढावा लागला नाहीं.