प्रो. देवधर आणि त्यांचा संघ

खेळाडूचें आयुष्य चाळिशीबरोबर संपतें व पुढें त्यानें जुन्या आठवणी सांगत बसावें, असा आपल्याकडे समज आहे. पुण्याचे प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर यांचें चरित्र पाहिलें म्हणजे हा समज टिकत नाहीं. त्यांचें सर्वांत मोठें कार्य सत्तेचाळिसाव्या वर्षीं सुरू झालें. त्यांच्या सगळ्या सामन्यांची जंत्री येथें देण्याचा विचार नाहीं. एका माणसाच्या हातून संघ कसा उभा राहतो, एवढेंच पाहावयाचें आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना खेळतां येतें. संघ बांधतां येतो असे थोडे.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजीं पुण्यास झाला. पुढें ते तेथील सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृतचे प्राध्यापक झाले. संस्कृत शिकविणारा मनुष्य वरच्या दर्जाचा फलंदाज असावा याचें कित्येकांना नवल वाटतें. मला त्यांत विसंगति दिसत नाहीं. व्याकरणाचें सूत्र काय किंवा फलंदाजाचा पवित्रा काय, रोज घोकल्यावांचून दोन्ही अंगीं मुरत नाहींत.

पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्यें ते १९११ सालीं उतरले. डिसेंबर १९२६ मध्यें गिलिगन यांच्या नायकत्वाखालीं इंग्लंडहून एम. सी. सी.चा संघ आला होता. त्याच्याविरुद्ध मुंबईस हिंदी संघाकडून खेळतांना देवधरांनीं १४८ धांवा काढल्या. त्याच महिन्यांत नागपूरचे कर्नल सी. के. नायडू यांनीं याच पाहुण्यांविरुद्ध १५३ धांवांची प्रचंड खेळी केली होती. हिंदी खेळाडू इंग्रजांच्या बरोबरीनें उभे राहूं शकतात, हें या दोन डावांनीं सिद्ध झालें. १९२८ सालीं क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालें आणि १९३२ च्या जूनमध्यें लॉर्ड्‌सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला. नायडू तेथें कर्णधार होते. देवधर मात्र त्या संघांत नव्हते. त्यांचें वय तेव्हां चाळीस होतें. ज्या दारापर्यंत वाट करून देण्यास त्यांनीं हात लावला, तें दार त्यांच्यासाठीं उघडलें नाहीं. कसोटी सामना त्यांच्या वांट्यास कधींच आला नाहीं.

दुसरा एखादा येथेंच थांबला असता, व त्यास कोणी दोषही दिला नसता.

पुढील भाग समजण्यासाठीं त्या काळच्या क्रिकेटची रचना माहीत असली पाहिजे. मुंबईच्या सुप्रसिद्ध सामन्यांत संघ धर्मावरून पडत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ १९१२ पासून खेळूं लागले व त्यांस चौरंगी सामने म्हणत. १९३७ सालीं त्यांत पांचवा संघ आला व सामने पंचरंगी झाले. या पांचव्या संघाचें नांव होतें ‘रेस्ट’, म्हणजे ‘बाकीचे’. हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, जे जे कोठें बसत नव्हते ते सर्व या ‘बाकीच्यां’त जमा! नांव वाचून आजही किंचित् हसूं येतें. देवधर हिंदूंच्या संघांतून खेळत.

याउलट १९३४ सालीं सुरू झालेल्या रणजी करंडकाच्या सामन्यांत प्रश्न प्रांताचा होता, धर्माचा नव्हता. १९३९ मध्यें महाराष्ट्राचें नायकत्व देवधरांकडे आलें. त्यांच्या संघांत सांगलीच्या एका ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा होता, विजय हजारे. वय चोवीस, कर्णधाराचें वय याच्या जवळजवळ दुप्पट. पारशी समाजांतले नगरवाला त्याच संघांत होते. १९३९-४० च्या हंगामांत पुण्यास बडोद्याविरुद्ध महाराष्ट्राचे आठ गडी बाद झाले असतां हजारे आणि नगरवाला एकत्र आले आणि दोघांनीं मिळून २४५ धांवांची भर घातली. हजारे ३१६ धांवा काढून नाबाद राहिले. मुंबईच्या पंचरंगी मैदानावर हे दोघे व त्यांचा कर्णधार तीन निरनिराळ्या तंबूंतले झाले असते. पुण्यास ते एका तंबूंत होते.

हा केवळ शब्दालंकार नव्हे. १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यांत हजारे हिंदूंविरुद्ध ‘रेस्ट’तर्फें खेळले. दुसऱ्या डावांत त्यांच्या संघाच्या ३८७ धांवा झाल्या. पैकीं एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. त्यांचे बंधु विवेक यांच्यासह ३०० धांवांची भागी झाली व तींत विवेक यांचा वांटा २१ चा होता. इतकें करूनही ‘रेस्ट’ एका डावानें हरले. तोच खेळाडू, तीच बॅट. परंतु एकटा मनुष्य कितीही मोठा असला तरी संघाची उणीव भरून काढूं शकत नाहीं. पंचरंगी सामने १९४६ नंतर बंद पडले. रणजी करंडक टिकला.

शिक्षणाच्या दृष्टीनें हजाऱ्यांची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. देवासच्या महाराजांनीं त्यांना शिकविण्यासाठीं क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन गोलंदाजास आणविलें होतें. हजाऱ्यांची फळी धरून उभें राहण्याची रीत पुस्तकी नव्हती. पण ग्रिमेट यांनीं ती बदलूं नका असेंच सांगितलें. विद्यार्थ्याचें काय सुधारावें हें पुष्कळ शिक्षकांना कळतें. कशास हात लावूं नये हें कळणारा शिक्षक दुर्मिळ.

आतां पुन्हा देवधरांकडे वळूं. १९३९-४० मध्यें महाराष्ट्रानें अंतिम सामन्यांत संयुक्त प्रांतास दहा गडी राखून हरविलें व प्रथमच करंडक मिळविला. पुढच्या वर्षीं मुंबईशीं पुण्यास जो सामना झाला, तो तर गणिताच्या तासालाच घालावा असा आहे. महाराष्ट्राच्या ६७५ धांवा. त्यावर मुंबईच्या ६५०. दोन डाव मिळून तेराशे पंचवीस धांवा, आणि निर्णय अवघ्या पंचवीस धांवांच्या आघाडीवर! महाराष्ट्राच्या डावांत देवधरांच्या स्वतःच्या २४६ होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील मनुष्य तरुणांना उपदेश करून बाजूस बसला नव्हता. उन्हांत तासन्‌तास त्यांच्यापुढें धांवत होता. मद्रासचा पराभव करून करंडक सलग दुसऱ्या वर्षीं महाराष्ट्राकडे राहिला. १९४४ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यांत त्यांनीं १०५ व १४१ अशीं दोन शतकें काढलीं.

फळी खालीं ठेवल्यावर त्यांनीं कचेरीचें काम पत्करलें. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष आणि राष्ट्रीय संघाच्या निवड समितीचे सभासद या नात्यांनीं त्यांनीं सेवा केली. या कामाला टाळ्या पडत नाहींत. निवडलेले अकरा संतुष्ट असतात, राहिलेले शेंकडों रुष्ट. १९३२ सालीं स्वतः यादीबाहेर राहिलेल्या मनुष्यास दुसऱ्यांच्या यादीवरून हात फिरवितांना काय वाटत असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

पालकांसाठीं एक गोष्ट मुद्दाम लिहितों. देवधरांनीं खेळ घरच्या मुलींपासून दूर ठेवला नाहीं. त्यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन बॅडमिंटन खेळत, व १९४० नंतरच्या दशकांत देवधर भगिनींचें नांव राष्ट्रीय स्पर्धांच्या विजेत्यांत वारंवार झळकलें. त्या काळीं मुलगी हातीं रॅकेट घेऊन मैदानावर उतरली कीं भुंवया उंचावत. आजही आपल्या जिल्ह्यांतील कित्येक घरीं सातवी-आठवीनंतर मुलीचा खेळ बंद होतो, आणि तो बंद करण्यास बहुधा एखादें स्थळ किंवा परीक्षा हें निमित्त पुरतें.

देवधरांच्या नांवाचा करंडक १९७३-७४ पासून मर्यादित षटकांच्या विभागीय सामन्यांसाठीं ठेवण्यांत आला. २४ ऑगस्ट १९९३ रोजीं, वयाच्या १०१ व्या वर्षीं, ते निवर्तले. आमच्या भंडाऱ्याचीं मुलें क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्रांत येत नाहींत. त्यांचा संघ विदर्भ. त्या विदर्भानें २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीनदां रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्र त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्यें अंतिम सामन्यापर्यंत पोंचला व तिन्ही वेळां हरला. त्याच्या नांवावर दोनच विजय आहेत, आणि ते दोन्ही प्रोफेसर देवधरांच्या नायकत्वाखालचे.