वाघ दिसला नाही तरी

वाचन: ईयोब ३८:३९ ते ३९:३०, ईयोब ४२:१-६, योहान १०:१-१५



चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाच्या जंगलात जाऊन आलेल्या माणसाला आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, "वाघ दिसला का?" तो "हो" म्हणाला तर सहल सार्थकी लागली. "नाही" म्हणाला तर पैसे वाया गेले. माझ्यासारख्या कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना तर हा हिशोब लगेच पटतो. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला वाघ.

देवाबरोबरच्या आपल्या चालण्याचा हिशोबही आपण पुष्कळदा असाच मांडतो. प्रार्थना केली, उपास केला, मग नोकरी लागली का? आई बरी झाली का? परीक्षा सुटली का? उत्तर "नाही" आले की मनात हळूच एक विचार येतो. विश्वास ठेवून मला मिळाले काय?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. कितीतरी तरुण याच प्रश्नापाशी मंडळीतून शांतपणे निघून जातात. म्हणून आज आपण जंगल सफारी आणि तिचा गाइड यांच्या मदतीने त्याकडे पाहू या.

१. गाइड त्याच जंगलाचा असतो

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातले ते सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे सफारीच्या गाडीत गाइड घ्यावाच लागतो. हे गाइड बहुतेक करून जंगलाच्या कडेच्या गावांतलेच असतात. कोणता पाणवठा उन्हाळ्यात आटतो, कोणत्या वाटेने वाघीण पिल्ले घेऊन जाते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नसते. त्यांचे लहानपण त्याच रानाच्या सोबतीने गेलेले असते. वाघाची भीती काय असते हेही त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

आपला प्रभूही दुरून नकाशा दाखवणारा नाही. तो माणूस होऊन आपल्यात राहिला. त्याला भूक लागली, तो थकला, मित्राच्या कबरेपाशी रडला. योहानाच्या दहाव्या अध्यायात तो स्वतःला मेंढपाळ म्हणतो. हा मेंढपाळ कळपाच्या मागे काठी घेऊन उभा नसतो, तो पुढे चालतो. मेंढरे त्याच्या मागे जातात ती वाट माहीत आहे म्हणून नव्हे, तर त्याचा आवाज ओळखीचा आहे म्हणून.

२. न दिसणाऱ्याच्या खुणा

जंगलात गाडी मध्येच थांबते. इंजिन बंद होते आणि गाइड सगळ्यांना गप्प राहायला सांगतो. नवख्या माणसाला वाटते, इथे काहीच नाही. पण गाइड ऐकत असतो. झाडावरच्या वानराचा खाकरल्यासारखा आवाज, चितळाचा तीक्ष्ण इशारा, सांबराची ठणठणीत हाक. यांना तिथे "कॉल" म्हणतात. सांबराने हाक दिली की जाणकार सावध होतात. त्यानंतर धुळीतले ताजे ठसे. वाघ अजून कोणालाही दिसलेला नसतो, तरी तो जवळपास आहे हे गाइड ओळखतो.

विश्वास म्हणजे डोळे मिटून मान डोलावणे नव्हे. खुणा वाचायला शिकणे हाही विश्वासाचाच भाग आहे. मात्र त्या वाचण्यासाठी आपले इंजिन बंद करावे लागते. दिवसभर मोबाइल वाजत असताना "देव माझ्याशी बोलत नाही" अशी तक्रार करणे म्हणजे धावत्या गाडीतून सांबराची हाक ऐकू येत नाही असे म्हणण्यासारखे आहे. रोज पंधरा मिनिटे शांत बसून वचन वाचणे ही मोठी साधना वाटत नाही, पण कान त्यातूनच तयार होतो.

३. गाडीतून उतरू नका

सफारीचे नियम कडक असतात. गाडीतून उतरायचे नाही, ठरलेली वाट सोडायची नाही, वेळ संपली की परत फिरायचे. समोर कितीही सुंदर दृश्य असले तरी गाइड "खाली उतरू नका" असेच म्हणतो. त्या क्षणी तो आपला आनंद हिरावून घेतो असे वाटते. खरे तर झुडपामागे काय आहे ते त्याला ठाऊक असते, आपल्याला नसते. शिवाय ते रान आपले नाही. तिथल्या प्राण्यांनाही आपल्यापासून जपायचे असते. देवाच्या आज्ञांमध्येही ही दोन्ही कारणे असतात. त्या आपल्याला राखतात, आणि आपल्यापासून दुसऱ्यालाही राखतात.

४. ईयोबाला देवाने काय दाखवले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाघ दिसलाच नाही तर?

ईयोबाची मुले गेली, संपत्ती गेली, शरीर फोडांनी भरले. त्याला एकच गोष्ट हवी होती, "का?" या प्रश्नाचे उत्तर. त्याच्या मित्रांनी पुष्कळ उत्तरे दिली, पण देवाने ती चुकीची ठरवली. मग देव स्वतः बोलू लागला आणि त्याने ईयोबाला जणू सफारीला नेले. भक्ष्य शोधणारी सिंहीण, भुकेने ओरडणारी कावळ्याची पिल्ले, खडकांत विणारी रानबकरी, कोणाचा दोर न मानणारे रानगाढव, वाळूत अंडी सोडून जाणारी शहामृगी, उंच कड्यावर घरटे बांधणारा गरुड. एकामागून एक प्राणी समोर येतात. यातला जवळजवळ कोणीही माणसाच्या कामाचा नाही, तरी देवाला प्रत्येकाची भूक आणि विणीचा काळ माहीत आहे.

"का?" चे उत्तर मात्र या सगळ्यात कुठेच येत नाही. ईयोबाच्या वाट्याला त्याचा वाघ आला नाही. तरीही बेचाळिसाव्या अध्यायात तो शांत होतो. पूर्वी त्याने देवाविषयी नुसते ऐकले होते, आता तो देवाला पाहतो आहे, असे तो कबूल करतो. मुलांची आणि संपत्तीची भरपाई होते ती त्यानंतर. त्याचे मन त्याआधीच वळलेले असते.

आजच्या पाठाचे सार इथे आहे. जे पाहायला निघालो ते दिसेल, असे वचन गाइड देत नाही. पण त्याच्यासोबत चालता चालता आपण त्यालाच ओळखू लागतो. विश्वासाची मिळकत तीच आहे.

५. वाराणसीतला एक मराठी विश्वासणारा

हे फक्त जुन्या करारापुरते खरे नाही. वाराणसीत वाढलेले एक मराठी पंडित होते, नीळकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५ चा, घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे. ख्रिस्ती मताचे खंडन करावे म्हणून ते मिशनऱ्यांशी वाद घालायला गेले आणि बायबल वाचू लागले. १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नहेम्या गोऱ्हे झाले.

त्यानंतर सगळे सोपे झाले का? नाही. आप्त दुरावले. १८५३ मध्ये वाराणसीत त्यांना मुलगी झाली, एलन लक्ष्मी. ती तान्ही असतानाच तिची आई वारली आणि बाळ दुसऱ्या कुटुंबात वाढले. गोऱ्ह्यांची बुद्धी फार चिकित्सक होती, त्यामुळे शंकांनीही त्यांना आयुष्यभर छळले. तरी त्यांनी वाट सोडली नाही. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

शंका येणे म्हणजे गाडीतून उतरणे नव्हे. शंका गाइडला विचारता येते. गोऱ्हे विचारत राहिले आणि चालतही राहिले. म्हणूनच पुढे पंडिता रमाबाईंच्या प्रश्नांना त्यांच्या लिखाणातून आधार मिळाला. ज्याने स्वतः अंधारातली वाट तुडवली आहे तोच दुसऱ्याला हात देऊ शकतो.

६. सोडून देऊ नका, सोबत चला

वाराणसीजवळच चंदौली जिल्ह्यात चंद्रप्रभा अभयारण्य आहे. १९५७ मध्ये गीरहून तीन सिंह आणून तिथे सोडले होते. काही वर्षांत ते अकरा झाले. नंतर मात्र एकही उरला नाही. जागा लहान होती, कुंपण नव्हते आणि त्यांच्यावर सतत लक्ष ठेवणारे कोणी नव्हते, अशी कारणे सांगितली जातात. सिंहासारखा सिंहही नुसता आणून सोडला तर टिकत नाही.

आपल्या गटात आलेल्या नव्या भावाबहिणीचे काय? पहिल्या दिवशी आपण टाळ्या वाजवतो, पुस्तिका देतो, आणि मग? त्याचा अभ्यास बिघडला, घरी बोलणी बसली, प्रार्थनेला उत्तर आले नाही, तेव्हा त्याच्या खोलीवर कोण जाते? त्याला त्या दिवशी भाषण नको असते. शेजारी बसून त्याच्याबरोबर थांबणारे कोणीतरी हवे असते.

मननासाठी प्रश्न

१. मी देवाकडे कोणता "वाघ" मागतो आहे? तो दिसला नाही तर मी त्याच्यासोबत चालेन का?
२. या आठवड्यात मी कोणत्या वेळी इंजिन बंद करून ऐकणार आहे?
३. शंकेत असलेल्या कोणत्या एका व्यक्तीला मी आज भेटू शकतो किंवा फोन करू शकतो?

प्रार्थना

प्रभू येशू, मी मागितलेले सगळे मला दिसलेले नाही, हे तुला माहीत आहे. माझा हिशोब मी तुझ्यापुढे ठेवतो. तुझा आवाज ओळखायला मला शिकव, वाट कळत नाही तेव्हा तुझ्यामागे चालायला धीर दे, आणि जो एकटा पडला आहे त्याच्याकडे मला पाठव. आमेन.