रुमाल कोणाचा? : संगणकातील फाईलच्या कुलपाविषयी

मेहकरच्या एस. टी. स्थानकावर खामगावची गाडी लागली, की दाराशी रेटारेटी सुरू होण्याआधीच खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, वर्तमानपत्रे आत पडू लागतात. ज्या बाकावर रुमाल पडला ती जागा धरली गेली, असे सर्वजण मानतात. हा कायदा नव्हे, नुसता संकेत. खरा वाद होतो तो वेगळ्याच प्रश्नावर. रुमाल कोणाचा? मालक खाली पान खात उभा आहे, की रुमाल विसरून दुसऱ्याच गाडीने निघून गेला? कला शाखेच्या वार्षिकात संगणकाविषयी लिहिताना मी रुमालापासून आरंभ करतो, याचे कारण संगणकाच्या पोटातही हाच प्रश्न वरचेवर उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधण्याची रीत मला अभ्यासण्याजोगी वाटली.

प्रथम थोडी ओळख करून घेऊ. संगणकात एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात. चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात, आणि या सर्वांवर देखरेख करणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. प्रत्येक प्रोसेसला ती एक क्रमांक देते. दोन प्रोसेस एकाच फाईलमध्ये एकाच वेळी लिहू लागल्या, तर एकीचे लिहिलेले दुसरी पुसून टाकील. म्हणून लिहिणारी प्रोसेस फाईलला कुलूप लावते आणि काम संपताच काढते. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये १९८३ साली 'फ्लॉक' नावाची जी सोय आली, ती याच कामासाठी. युनिक्स घराण्यातील ही कुलुपे बहुतांशी रुमालाच्याच जातीची असतात. विचारणाऱ्याला ती दिसतात, न विचारता लिहिणाऱ्याला अडवीत नाहीत. लिनक्समध्ये सक्तीचे कुलूपही होते, परंतु त्याचा वापर नाममात्र राहिला आणि २०२१ साली निघालेल्या ५.१५ या आवृत्तीत ते काढूनच टाकण्यात आले. विंडोजची रीत अधिक कडक. तेथे फाईल उघडतानाच 'दुसऱ्या कोणास लिहू देऊ नये' असे सांगता येते, आणि मग इतरांना खरोखरीच बाहेर राहावे लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कुलूप लावणाऱ्याचे नाव दोन ठिकाणी सापडू शकते, आणि या दोहोंतील फरक ज्याला कळला त्याला हा विषय कळला, असे माझे मत आहे. एक ठिकाण म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची नोंदवही. दुसरे म्हणजे एखाद्या प्रोग्रामने फाईलशेजारी ठेवलेली चिठ्ठी. वर्डमध्ये आपण एखादा लेख उघडला, की त्याच्या शेजारी एक लपलेली छोटी फाईल तयार होते. तिच्या नावाच्या आरंभी नागमोडी रेघ व डॉलरचे चिन्ह असते आणि आत वापरणाऱ्याचे नाव. दुसऱ्याने तोच लेख उघडावयास घेतला, की ही चिठ्ठी वाचून 'फाईल अमक्याकडे आहे' असा निरोप त्यास मिळतो. लिबर ऑफिसही असेच करते.

नोंदवहीतील कुलूप त्याच्या मालकाबरोबर संपते. प्रोसेस मेली, की व्यवस्था तिची कुलुपे स्वतःच काढून टाकते. चिठ्ठीचे तसे नाही. वीज गेली, संगणक बंद पडला, तरी चिठ्ठी तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशीही तेच नाव सांगत बसते. शेतकऱ्यांच्या घरातील विद्यार्थ्यांना हा प्रकार निराळा सांगावयास नको. कर्ज फिटलेले असते, सोसायटीचा दाखला हाती असतो, पण सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातील बोजा फेरफार होऊन कमी होईपर्यंत तसाच दिसतो. नाव आहे, धारण करणारा नाही.

युनिक्सवरील कित्येक प्रोग्राम चिठ्ठीत नावाऐवजी आपला प्रोसेस क्रमांक लिहून ठेवतात. येथे आणखी एक फसगत संभवते. लिनक्समध्ये हे क्रमांक परंपरेने ३२७६८ च्या आत असत, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून वाटले जात. आज ही मर्यादा बरीच वाढविता येते, पण क्रमांक पुन्हा वापरला जातोच. गेल्या वर्षीचा हजेरी क्रमांक ४२ आणि यंदाचा ४२ हे दोन वेगळे विद्यार्थी असतात. जुन्या चिठ्ठीवरचा क्रमांक पाहून आज त्या क्रमांकाने चालणारी प्रोसेस मारली, तर भलत्याचाच बळी जातो.

बळी हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. आमच्या भागातील एका कार्यालयात शिष्यवृत्तीच्या यादीचे काम शेवटच्या दिवशी चालले होते. यादी मुख्य संगणकावर, आणि दुसऱ्या संगणकावरून ती उघडेना; कुलूप असल्याचा निरोप येई. कोणीतरी वैतागून मुख्य संगणकाचे बटणच दाबून तो बंद केला. यादी त्याच संगणकावर दुसऱ्या खिडकीमागे उघडी होती, आणि तीत टंकलेली, पण जतन न केलेली मुलांची नावे गेली. चिठ्ठी मात्र मागे राहिली, त्यामुळे दुसऱ्या संगणकावरचा निरोपही कायम राहिला!

मग शोध कसा घ्यावा? लिनक्समध्ये 'प्रॉक' या निर्देशिकेत 'लॉक्स' नावाची फाईल आहे; तीच ती नोंदवही. तिच्या प्रत्येक ओळीत कुलपाचा प्रकार, ते वाचण्यासाठी की लिहिण्यासाठी, प्रोसेसचा क्रमांक आणि फाईलचा आयनोड क्रमांक असतो. कुलूप सुटण्याची वाट पाहणारे खालच्या ओळीत बाणाने दाखविलेले असतात. फाईलचे नाव मात्र नसते. गावात माणसाला घर क्रमांकाने ओळखावे तसे हे आहे. 'एलएस' आज्ञेला 'आय' हा पर्याय जोडून आपल्या फाईलचा आयनोड पाहावा आणि जुळवून घ्यावा. 'एलएसलॉक्स' ही आज्ञा ही जुळवाजुळव स्वतःच करते.

दुसरे साधन 'एलएसओएफ'. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील व्हिक एबेल यांनी ते लिहिले. कोणत्या प्रोसेसने कोणती फाईल उघडली आहे, ते हे दाखविते. उघडणे आणि कुलूप लावणे एक नव्हे, हे येथे विसरू नये. संपूर्ण फाईलला लिहिण्याचे कुलूप असेल तर त्या ओळीत मोठा डब्ल्यू दिसतो. विंडोजवर रिसोर्स मॉनिटर किंवा प्रोसेस एक्स्प्लोरर यांत फाईलचे नाव शोधले, की धारण करणारी प्रोसेस सापडते. फाईल सामायिक फोल्डरमधील असेल, तर आपल्या संगणकावर शोधणे व्यर्थ. ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्याच्या उघड्या फाईलींची यादी पाहावी.

नोंदवहीही प्रत्येक वेळी पुरी पडत नाही. फ्लॉक पद्धतीचे कुलूप वारसाने चालते: एका प्रोसेसने दुसरीला जन्म दिला आणि ती स्वतः संपली, तरी कुलूप मुलीकडे राहते, वहीत क्रमांक आईचाच. लिनक्समध्ये २०१४ साली आलेल्या नव्या जातीच्या कुलपांना तर मालक म्हणून प्रोसेसच मानली जात नाही. तेथे क्रमांकाच्या जागी उणे एक लिहिलेला आढळतो. अशा वेळी वही मिटून, फाईल कोणाकोणाकडे उघडी आहे तेवढे एलएसओएफला विचारावे.

मालक सापडल्यावर तो माणसाच्या हाताखालचा असेल, तर त्या माणसाला हाक मारावी. शिष्यवृत्तीच्या यादीला एवढ्याने भागले असते. माणूस नसेल आणि प्रोसेस अडूनच बसली असेल, तर 'किल' ही आज्ञा आहे. तिचा नेहमीचा संदेश १५ क्रमांकाचा; त्यात प्रोसेसला आवराआवर करून, स्वतःची चिठ्ठी उचलून जाण्याची संधी मिळते. ९ क्रमांकाच्या संदेशात ती मिळत नाही, आणि मागे राहिलेल्या पुष्कळशा चिठ्ठ्या या ९ मुळे, नाही तर वीज गेल्यामुळे राहिलेल्या असतात.