पंचहौदचा चहा



आपल्या सुरतेत डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि मोडले, हे तुम्हाला पाठ आहे. त्यातले लोकमान्य टिळक त्याच्या सतरा वर्षे आधी एका कपभर चहावरून अडचणीत आले होते. नववीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा मुले हसली. म्हणून येथे लिहीत आहोत.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झाले. नंतर ख्रिस्ती यजमानांनी चहा-बिस्किटे पुढे केली. पाहुण्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कोणी चहा घेतला, कोणी कप तसाच ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी सर्वांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. ग्रामण्य सुरू झाले, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले व त्यांनी आयोग नेमला.

घरात मुंज, लग्न, श्राद्ध निघाले की भटजी येणार कोण? टिळकांनी शास्त्राधार काढून वाद घातला आणि काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकच चिडले. अडचणीत सापडलेल्या मित्रांसाठी त्यांनी ते घेतले, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून दिसते. तरुणपणी आम्हाला हा दुबळेपणा वाटे. आता तितके खात्रीने म्हणवत नाही.

धर्मपीठ आणि पुढारी यांचा असाच वाद अलीकडे अमेरिकेत झाला. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी पवित्र भाकर देतात, तिला कम्युनियन म्हणतात. श्रद्धावंतांसाठी ते साक्षात ख्रिस्ताचे शरीर. गर्भपात हे चर्चच्या शिकवणीत गंभीर पाप आहे. मग जो कॅथलिक पुढारी गर्भपाताचा कायदेशीर हक्क राखा म्हणतो, त्याला ही भाकर द्यावी का? २००४ मध्ये जॉन केरी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असताना हा प्रश्न गाजला. मे २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी नॅन्सी पेलोसी यांना आपल्या धर्मप्रांतात कम्युनियनची मनाई केली. पुढच्याच महिन्यात व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील मिस्सेत त्यांना ती मिळाली! एकाच चर्चमध्ये दोन उत्तरे.

पुण्यात खाल्ले-प्याले हा दोष ठरला, तिकडे न देणे ही शिक्षा ठरली. पण दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. चहा हा साधा पाहुणचार होता. कम्युनियन हा संस्कार आहे, आणि तो कोणाला द्यावा हे ठरवण्याचा चर्चचा अधिकार आम्ही नाकारत नाही. मात्र सर्व धर्मांच्या मतदारांसाठी करायचा कायदा धर्मपीठाला विचारून करावा काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. काही पालकांना ते पटणार नाही. त्यांनी जरूर लिहावे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी रानड्यांच्या जागी आपण काय केले असते, ते एक पान लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. आईवडिलांना विचारून लिहिले तरी चालेल, पण त्यांचे मत वेगळे असेल तर तेही लिहावे.