यीस्टचा पंप व वेदनाशामक गोळी

अंधेरी-घाटकोपरच्या बेकऱ्यांतील पाव ज्या यीस्टमुळें फुगतो, त्याचीच दूरची नातलग म्हणजे कँडिडा ही रोगकारक यीस्ट होय. पावसाळ्यांत ओलसर राहणारी कातडीची घडी, तान्ह्या मुलाची जीभ व मधुमेही मनुष्याचें शरीर हीं तिचीं आवडतीं स्थळें. रक्तांत शिरली तर मात्र ती प्राणावर बेतते.

अशा बुरशीविरुद्ध आपल्या प्रांतांतही मोलाचें कार्य झालें आहे. पुण्यानजीक पिंपरी येथें 1954 मध्यें स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यांत डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं 1961 च्या सुमारास हॅमायसिन हें बुरशीनाशक शोधिलें. तें ज्या सूक्ष्म जीवापासून मिळालें, त्याच्या शास्त्रीय नांवांत 'पिंप्रिना' या रूपानें तें गांव विराजमान झालें आहे!

आज फ्लुकोनाझोल हें औषध विशेष प्रचारांत आहे. यीस्टच्या पेशीच्या आवरणास लागणारा अर्गोस्टेरॉल नांवाचा स्निग्ध पदार्थ तें तयार होऊं देत नाहीं. परंतु कांहीं कँडिडापेशी, गोराईच्या खाडींत गळक्या होडींतील नावाडी जसा पाणी उपसतो, तसें सूक्ष्म पंपांनीं हें औषध बाहेर लोटतात. 2009 मध्यें जपानांत एका रुग्णाच्या कानांतून मिळालेल्या नमुन्यावरून वर्णिलेली 'कँडिडा ऑरिस' ही जात तर फ्लुकोनाझोलला बहुधा दाद देत नाहीं. 2022 मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें तिला सर्वांत गंभीर वर्गांत घातलें.

आतां नवल असें कीं, अंगदुखीवरचें आयबुप्रोफेन प्रयोगशाळेंत फ्लुकोनाझोलबरोबर घातलें असतां 'कँडिडा अल्बिकन्स'च्या कांहीं हट्टी वाणांचे पंप मंदावले, व निकामी ठरलेलें औषध पुन्हां लागू पडलें. अ‍ॅस्पिरिनमुळें यीस्टचा चिकट थर कमी होतो, असेंही दिसून आलें आहे.

एवढ्यावरून पालकांनीं दोन्ही गोळ्या घरींच एकत्र देऊं नयेत. काचेच्या बशींतलें औषधाचें प्रमाण मनुष्याच्या रक्तांत सुरक्षितपणें साधेलच असें नाहीं. शिवाय यकृतांतील जें द्रव्य आयबुप्रोफेनचा निचरा करतें, त्यालाच फ्लुकोनाझोल अडवितें. मग वेदनाशामक रक्तांत सांचून जठर व मूत्रपिंड यांस अपाय करूं शकतें. तापांतील मुलांस अ‍ॅस्पिरिन तर डॉक्टरांवांचून देऊंच नये. खाज तात्पुरती थांबविणारीं स्टेरॉइडयुक्त मलमें शेजाऱ्याच्या सल्ल्यानें आणण्याची चाल आहे. तीं बुरशीला खतपाणीच घालतात. चट्टा हटेना, तर डॉक्टर तेथील खरवड सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात, जरूर पडल्यास ती वाढवून कोणतें औषध तिच्यावर चालतें हें तपासतात, आणि त्यावरून उपचार ठरवितात.